कितीपैकी किती?

आमच्या शिनोलीत पिठाच्या गिरणीवर ‘लई’ म्हणायची सोय नाही. म्हटलं, की नाना गिरणीचं बटण बंद करतात आणि विचारतात, “कितीपैकी?” तुमचं दळण अर्धं राहिलेलं असतं, घरी तवा तापलेला असतो, नानांना त्याचं काही नाही.

नाना माझे शेजारी. वय सत्तरीचं, भुवयांवर बारमाही पीठ. पाठीमागं लोक त्यांना काय म्हणतात ते सांगत नाही, कारण त्या लोकांत मीही असतो.

गेल्या यात्रेनंतर मी सहज बोलून गेलो, “नाना, आपल्या आळीत लेकींपेक्षा पोरांनाच गावाची ओढ लई. यात्रेला वीस पोरं आली, लेकी बाराच.”

झालं. गिरणी थांबली. नानांनी ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटानं चार घरं आखली. वर पोरं, खाली लेकी. इकडं ‘आली’, तिकडं ‘न्हाई’.

“सदाभाऊ, बाहेरगावी गेलेली पोरं किती?”

“चाळीस असतील.”

“आली वीस. म्हंजी निम्मी. अन् दिलेल्या लेकी सोळा, त्यातल्या बारा आल्या. चारातल्या तीन! आता वढ कुणाला जास्त, तूच सांग राव.”

मी हरलो. मला सवय आहे. पण लेकींच्या ‘न्हाई’च्या घरात नानांचं बोट जरा जास्तच थांबलं. न आलेल्या चौघींत त्यांची एकुलती एक लेक नंदा होती.

नंदानं ऑफिसातल्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हाही या भल्या माणसानं पिठात घरंच आखली होती. “गावात पोरींनी आपल्या मनानं केलेली लगीनं तीन. मोडली दोन. बघ बाई.” नंदा म्हणाली, “नाना, त्या तिघींत मी नाही.” तळहातानं सगळं पुसलं आणि गेली. लग्न करून नाशिकला राहते. तेव्हापासून ती यात्रेला आलेली नाही, नानांचा फोनही उचलत नाही.

यंदा यात्रेच्या सकाळी नाना गिरणी बंद ठेवून एसटीच्या थांब्यावर येऊन बसले. धुतलेली टोपी, कोरा सदरा. गाडी आली की उठायचे, रिकामी झाली की बसायचे. मला बघवेना.

“नाना, चारातल्या तीन येतात, हिशोब तुमचाच. येईल नंदा.”

“त्यो आळीचा हिशोब,” नाना म्हणाले. “मला लेक एकच हाय. एकापैकी एक, न्हाईतर कायबी न्हाई.”

मग हळूच म्हणाले, “तुझ्या फोनवरनं लावून बघतो का?”

लावला. नंदाचा आवाज आला तसे नाना उभेच राहिले. “नंदे, ठिवू नको. माझं चुकलं गं. गावच्या पोरी मोजल्या अन् तुलाच बघाया इसरलो. ये एकदा.” पलीकडचं ऐकत राहिले, मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला.

“काय म्हणाली?”

“बघते म्हणाली.”

‘आली’ आणि ‘न्हाई’ यांच्यामध्ये ‘बघते’ला घर कुठलं? नाना, गाड्या येतात त्या घोडेगावच्या रस्त्याकडं तोंड करून पुन्हा बसले.

“सदाभाऊ,” त्यांनी विचारलं, “नाशकावरनं आत्ता निघाली, तर तिला कंची गाडी घावंल?”