शेळ्यांचा फौजदार

आमच्या गेणूतात्यांना शेळीचं तोंड हुंगायची सवय होती. थट्टा नाही करत, अगदी रीतसर हुंगायचे. वाटेत शेळी दिसली की तिचे कान धरायचे, गुडघ्यावर बसायचं, तिच्या तोंडाला नाक लावायचं आणि डोळे मिटून बराच वेळ विचार करायचा. मग धोतर झटकत उठायचे आणि निकाल द्यायचे, "लिंब. कवळा लिंब. संशयाला जागा हाय."

संशयाला जागा नाही अशी शेळी त्यांना उभ्या जन्मात भेटली नाही.

तात्या गावच्या कोंडवाड्याचे राखणदार. कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती, वर छप्पर नाही, पुढं एक फाटक. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं की धरून इथं कोंडायचं आणि मालकानं दंड भरून सोडवायचं, अशी रीत. आमचं घर नेमकं त्या भिंतीला लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी मला तात्या दाखवले. म्हणाल्या, "ह्या मान्सापास्नं शेळ्या जप. बाकी गाव चांगलं हाय."

माझ्या दोन शेळ्या, मोरी आणि तिची लेक. पोरांच्या दुधापुरत्या. एकदा दारातच तात्यांनी मोरीचे कान धरले, हुंगलं आणि म्हणाले, "टेकडीवरला लिंब खाल्लाय."

मी म्हटलं, "तात्या, ती सकाळधरनं दाव्याला हाय. मेथीच्या काड्या खाल्ल्यात तिनं."

तात्यांनी पुन्हा हुंगलं. "मेथी हाय, व्हय. पर ती वरनं खाल्लीय, लिंबाचा वास मारायला. लई पोचलेली हाय ही."

मोरी दुपारपर्यंत आत होती. मी भिंतीअलीकडून तात्यांच्या सात पिढ्या उद्धरत भाकरी थापल्या.

टेकडीचं वेड मात्र खरं होतं. गावामागं बोडकी टेकडी. सरकारनं कधीतरी तिच्यावर कडुलिंबाची रोपं लावली आणि सरकारी रोपं मरतात तशी ती मेली. वाचली ती तात्यांनी खांद्यावर कावड घेऊन पाणी घातल्यामुळं. बाईमाणूस नाही, लेकरू नाही, संध्याकाळी घरी जायची घाई अशी त्यांना नव्हतीच. सगळा वेळ टेकडीवर. लेंडी दिसली की फोडून बघायचे. खुराचा माग काढत एखाद्याच्या थेट ओट्यापर्यंत जायचे आणि तिथं जेवणारा माणूस घास हातात धरून बसायचा.

दरवर्षी धनगरांची मेंढरं यायची. ज्याला त्याला ती आपल्याच रानात बसवून हवी असायची. रात्रभर मेंढरांचं वाडगं बसलं की लेंड्यांनी रान खतावून निघतं. लोक धनगराला धान्य द्यायचे, चहा पाजायचे. तात्या तेवढे काठी घेऊन कळपामागं शिवेपर्यंत चालायचे. म्हणायचे, "खत दिसतंय समद्यांला. काय खाल्लं ते कुनाला दिसत न्हाई."

त्यातच तालुक्याहून एक साहेब आले आणि चावडीपुढं बोलले. शेळी झाडं खाते, झाडं गेली की डोंगराची माती वाहून जाते, पाऊससुद्धा कमी होतो, असं काहीबाही. जीप धुरळा उडवत गेली, गाव सगळं विसरलं. तात्या विसरले नाहीत. त्यांनी त्या भाषणाचा चांगला आटवून खवा केला, "शेळीनं पाऊस खाल्ला." लग्न असो, बारसं असो, तात्यांचं हे वाक्य ठरलेलं.

तेव्हा पाऊस खरंच हुलकावण्या द्यायला लागला होता. पारावर रोज त्याचीच चर्चा. कुणी म्हणे श्रीरामपूरकडच्या उसवाल्यांनी आपलं पाणी पळवलं. म्हाताऱ्या म्हणायच्या, पाप वाढलं. मी एकदा मुद्दाम तात्यांना विचारलं, "पुनतांब्याकडं काय शेळ्या न्हाईत का? तिकडं तर नदी हाय."

"तिकडल्या शेळ्या ऊस खात्यात," तात्या म्हणाले. "ढग उसाला थोडाच धरून असतोय? झाडाला असतोय."

मग बाहत्तरचा तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, माणसं खडी फोडायला गेली, ताटात मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी आली. गाई-बैलांसाठी छावणी निघाली. शेळीला कोण विचारतो? घरी ठेवावी तर घालायला काडी नाही, मारावी तर हात होत नाही. लोकांनी मग शक्कल काढली. पूर्वी अंधाराचे भिंतीवर चढून आपली शेळी कोंडवाड्यातून पळवायचे, ते आता तिला आत सोडायला लागले. सकाळी तात्या फाटक उघडायचे तर आत नवीन शेळी उभी. कुणाची म्हणून विचारावं तर अख्खं गाव आभाळाकडं बघायचं.

कोंडवाडा भरला. सरपंचांनी हात वर केले. चाऱ्याला पंचायतीकडं दमडी नाही, म्हणाले. तात्या, तुमच्याच्यानं होईल तेवढे दिवस जगवा, नाही झालं तर बाजारच्या दिवशी लिलाव. नगरचा एक व्यापारी तर येता-जाता भिंतीवरून डोकावून पाठी-कंबरा बघून जायचा. त्या शेळ्या कुठं जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मला वाटलं, तात्यांची दिवाळी झाली. जन्माचे वैरी आयते जाळ्यात सापडले. पण लिलावाचा दिवस आला की तात्या सरपंचांना सांगायचे, "धनी सापडलाय. सुप्याकडला हाय. फुडच्या बाजाराला येतो म्हनला." पुढच्या बाजाराला धनी आजारी पडायचा. त्याच्या पुढच्याला त्याची सासू मरायची. अख्ख्या गावावर संशय घेणारा माणूस इतकं सराईत खोटं बोलतो हे पाहून मला पहिल्यांदा तात्यांचाच संशय यायला लागला.

कारण शेळ्या मरत नव्हत्या. खंगल्या होत्या, पण उभ्या होत्या. खात काय होत्या? मी भिंतीला कान लावला. पलीकडं कराकरा चावण्याचा आवाज. खडीच्या कामावर पोरांसाठी सुकडी वाटत, ती तात्या चोरून आणत असणार असं मी ठरवून टाकलं. पाणवठ्यावर दोघीतिघींना सांगितलंही. त्यांनाही पटलं. तात्यांबद्दल वाईट काहीही सांगा, गावाला पटायचं.

आणि एक दिवस सरपंच माझ्याच दारात. मागं तात्या. टेकडीवरचे लिंब कुणीतरी ओरबाडलेत, सरकारी झाडं आहेत, वरून विचारणा होईल. "तात्या म्हनत्यात शेळ्यांनी खाल्लीत," सरपंच म्हणाले. "अन् गावात मोकळ्या शेळ्या आता तुमच्याच."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मोरीला मी मिलोचं धुवण आणि गिरणीतला भुसा घालून जगवत होते, टेकडी तिनं कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मी म्हटलं, "हुंगा की तात्या. धरा तिचं तोंड अन् हुंगा."

तात्यांनी मोरीकडं पाहिलंसुद्धा नाही. "ऱ्हाऊ द्या आज," म्हणाले आणि पायांकडं बघत उभे राहिले. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता मी टेकडी चढले. एकेक झाड सोललेलं, नुसती खोडं आणि वरती बोटभर हिरवा शेंडा. पण ओरबाडलेलं काही नव्हतं. डहाळी न् डहाळी कोयत्यानं नीट उतरवलेली. आणि एका झाडावर धोतराचा काचा मारून तात्या बसलेले.

"ह्या फांद्या मोरीनं खाल्ल्या व्हय तात्या?" मी खालून विचारलं. "शिडी लावून?"

कोयता थांबला. मग आवाज आला, "शेळ्यांनीच खाल्ल्या. कोंडवाड्यातल्या. म्या खोटं न्हाई बोललो."

तात्या उतरले. डहाळ्यांचा भारा बांधायला बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा, सांग सरपंचाला."

मी सांगणारच होते. तेवढ्यासाठी तर चढून आले होते. पण तोंडातून निघालं भलतंच. "तुमचा जन्म गेला शेळ्यांना शिव्या घालन्यात. जाऊ द्यायच्या हुत्या लिलावात. झाडं तरी ऱ्हायली असती तुमची."

"शिव्या आजून घालतो. चोरटी जात हाय," तात्या म्हणाले. भाऱ्याची गाठ त्यांच्या हातून सुटत होती, ते पुन्हा बांधत होते. "पर सूनबाई, इतकी वर्सं ह्या गावात ऱ्हायलो. मला बघून लोक जनावरं घरात घेत्यात, दारं लावत्यात. कुनी कवा इस्वासानं चिमूटभर मीठ बी माझ्यापाशी ठिवलं न्हाई. आन् आता आपनहून आनून सोडत्यात. गेनूतात्या बघंल म्हनून. आता त्या खाटकाला कशा दिऊ?"

विश्वासानं कसलं? लोकांनी नको झालेलं भिंतीवरून टाकलं होतं. माझ्यासारख्या दहाजणींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. हे मला तिथं सांगता आलं असतं. माझी जीभ काही लहान नाही. पण मला रडू आलं आणि मी तो भारा त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि गाठ मारली.

एक झाड तेवढं राहिलं होतं, टेकडीच्या मध्यावरचं, चांगलं डेरेदार. तात्या त्याच्यापाशी गेले, कोयता उचलला आणि तसेच उभे राहिले. मग मागं आले आणि कोयता माझ्या हातात दिला.

"ह्ये पैलं जगलेलं," म्हणाले. "ह्याला माझा हात उठंना. आन् उद्याच्याला घालायला कायबी न्हाई."

मी पदर खोचला आणि वर चढले. तात्या पाठ करून बसले, गावाकडं तोंड करून. खाली कोंडवाड्यात शेळ्या ओरडत होत्या. मी पहिली फांदी उतरवली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं नुसते म्हणाले, "शेंडा ठिव, सूनबाई. शेंडा ऱ्हायला तर फुटंल परत."

मी शेंडा ठेवला.