दुसऱ्या शिफ्टची गाडी

नवा सेल्फ-स्टार्टर बसवल्यापासून मारुतरावांची गाडी आपली आपणच चालू व्हायला लागली, आणि खुद्द मारुतरावांना जाऊन तर वर्ष होत आलं होतं.

तळवड्यातलं त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून. भर दुपारी दारावरून कंपनीची बस गेली, की पोर्चमधली गाडी घर्रर्र करायची आणि दोन-तीन हिसक्यांत फाटकाकडे सरकायची. आत माणूस नाही, चावी घरात खुंटीवर. आणि वेळ नेमकी तीच, ज्या वेळेला मारुतराव हयातभर दुसऱ्या शिफ्टला निघायचे. त्यांच्या पत्नी छबूबाई ओसरीवरून हात हलवायच्या, "निघाले," म्हणायच्या आणि भांडी घासायला बसायच्या. सून तेजस्विनीची मात्र पाचावर धारण बसायची.

"अहो, हा वास कसला?" तिने नवऱ्याला, रणजीतला विचारलं.

वास जळक्या मिरच्यांचा होता. घरात गॅस बंद, आणि तिघांनाही ठसका.

"ठसका येतोय म्हंजी नजर न्हाई," छबूबाईंनी निर्वाळा दिला. "नजर असती तर वासच आला नसता. ह्ये घरचंच माणूस हाय."

घरचं माणूस म्हटल्यावर तेजस्विनीने कपाटावरची बॅग काढली. "रविवारी गिऱ्हाईक येतंय. एक तर गाडी जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन."

वडिलांनी ओव्हरटाइम करून घेतलेली गाडी. तिच्या मागच्या सीटवर झोपा काढत रणजीत मोठा झाला होता. ती परक्याच्या दारात उभी राहिलेली त्याला बघवली नसती. पण बायकोही हवीच होती.

तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. तिथे साधा बोल्ट ढिला निघाला तरी पाच वेळा 'का' विचारून मुळापर्यंत जातात. भूत म्हणून हात वर करणं त्याला शोभणारं नव्हतं. त्याने गणराज मिस्त्रीला बोलावलं. गणराजने तो सेल्फ बदलून दुसरा बसवला. "भाऊ, पार्ट एकदम ओके. बाकी सगळं होतं तसं लावलंय."

दुसऱ्या दिवशी गाडी दुप्पट जोरात गुरगुरली आणि फाटकाला जाऊन टेकली. फोनवर हे ऐकून गणराजने विचारलं, "राव, काकांची काही इच्छा राहिली होती का?"

त्या आठवड्यात रणजीतला रात्रपाळी होती. दुपारी तो बॉनेट उघडून, गाडीच्या बाजूला उभा राहिला. बस स्पीडब्रेकरवर आदळली, पोर्चची फरशी थरथरली आणि इंजिनाच्या अंधारात काहीतरी हललं. काळं, सुरकुतलेलं, लोंबणारं. ते झुलत सेल्फला टेकलं, ठिणगी उडाली आणि गाडीने हिसका दिला. रणजीत ओरडलाच.

ती लिंबू-मिरची होती. लोखंडी तारेत ओवलेली, पार करपून गेलेली.

"आई!"

"मीच बांधली," छबूबाई म्हणाल्या. "रेडिएटरात पाणी मीच घालत हुते की. बॉनेट उघडाया येतंय मला. नव्या पार्टाला नजर लागू ने म्हणून त्याच्याजवळच बांधली. दुसरा पार्ट बसवला तवा तर चांगली जाड तार घेतली."

"आणि गणराजला दिसली नाही?"

फोन लावल्यावर गणराज दुखावल्यासारखा म्हणाला, "देवाधर्माचं आम्ही फेकत नाही, भाऊ. होती तिथंच परत बांधली."

आता रणजीतला चेव आला. गाडी चालू का होते? तार सेल्फला लागते. तार का लागते? बसच्या हादऱ्याने. गाडी सरकते का? हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवलेली असते. "आणि लिंबू-मिरची आत का?"

"पुढं बांधल्याली तूच तोडलीस. म्हणलास, कंपनीतली पोरं हसत्यात."

चौथ्याच 'का'ला मूळ सापडलं, आणि ते पोर्चमध्ये दोन पायांवर उभं होतं. तेजस्विनी हसून हसून खाली बसली. बॅग कपाटावर गेली, गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. रणजीतने तार काढून टाकली आणि ताजी लिंबू-मिरची सुती दोऱ्याने पुढच्या बंपरला बांधली.

दुसऱ्या दुपारी बस गेली. गाडी गप्पच राहिली. छबूबाईंचा हात अर्ध्यावरच थांबला.

"गेले वाटतं," एवढंच म्हणून त्या आत वळल्या. भांडी तशीच पडून राहिली. वडिलांना आपण दुसऱ्यांदा पोहोचवून आलो, असं रणजीतला वाटलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

त्याच्या पुढच्या दुपारी तो रात्रपाळीची झोप काढत होता. बस गेली आणि पोर्चमधून घर्रर्र आवाज आला. तो ताडकन उठून बसला. तार तर त्याने स्वतः काढली होती.

ओसरीवर छबूबाईंनी हात हलवला. "निघाले," त्या म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

रणजीतने खुंटीकडे पाहिलं. चावी नव्हती. तो खिडकीशी गेला, तर स्टिअरिंगच्या आड अंग चोरून तेजस्विनी बसली होती आणि ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायला सांगत होती.