पोह्यांआधीचं गाणं

आमच्या खालच्या मजल्यावरचे सोनवणे भाऊजी मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना पोह्यांच्या आधी गाणं ऐकवतात. गाणं म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यात येतं तसलं नाही. त्यात शब्द नाहीत, तबला-पेटी नाही, ठेका तर नाहीच. एक बारीक सूर निघतो, तो बराच वेळ तसाच राहतो, मग त्याच्या मागून दुसरा येतो आणि पहिला कधी गेला ते कळत नाही. सगळं यंत्रावर केलेलं. परदेशात म्हणे खोलीत एकटी बसून हेच करणारी माणसं आहेत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाऊजींना सांगितलं होतं की तुमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेलाय, आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. त्यानंतर कितीतरी दिवस ते जिन्यात मला बघून न बघितल्यासारखं करायचे.

भाऊजी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. काटकुळे, घरात असले तरी शर्टाचं वरचं बटण लावलेलं. हॉलमध्ये टीव्ही नाही. टीव्हीच्या जागी एक जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. ते एवढे मोठे, की घरात येणारा माणूस आधी त्यांनाच बघतो. आणि एवढ्या मोठ्या स्पीकरवर आवाज किती, तर आमच्या मिक्सरचा त्यांना त्रास होतो इतका बारीक. मी दाण्याचं कूट करायला घेतलं की खालून फोन येतो, "वहिनी, जरा दहा मिनिटं थांबता का?" कुटासाठी कुणी कुणाला परवानगी मागतं का, तुम्हीच सांगा.

महिनाभर ते एकच ऐकतात. पहिल्या तारखेला नवीन, मग महिना संपेपर्यंत तेच. आमच्या ह्यांनी एकदा शहाणपणा केला. म्हणाले, भाऊजी, आता मोबाइलवर जगातली सगळी गाणी मिळतात, कशाला त्याच त्याच गाण्याला चिकटून बसता? भाऊजींनी ह्यांच्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठा तेव्हाही मोबाइलवर चालूच होता.

"तुम्ही दिवसभर गाणी निवडता," ते म्हणाले, "तांदूळ निवडल्यासारखी. भात कधी लावता?"

ह्यांना ते लागलं. रात्री जेवताना मात्र ह्यांनी मोबाइल उलटा ठेवला होता, ते मी बघितलं.

तर पाहुण्यांचं. मयूरी भाऊजींची एकुलती एक. बँकेत नोकरी, दिसायला नीटस, बोलायला गोड. पण स्थळ आलं की भाऊजी सगळ्यांना ओळीनं बसवणार, "ऐकू नका, नुसतं बसा," असं सांगणार आणि ते सुरू करणार. ते चालू असताना बोलायचं नाही, खायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. संपल्यावर पाहुणे पसंत असतील तर मयूरीला हाक मारायची, ती पोहे घेऊन बाहेर येणार. पसंत नसतील तर भाऊजी स्वतः उठून पोहे आणायचे. पोहे सगळ्यांना मिळायचे, मुलगी बघायला मिळायची नाही.

पहिल्या मुलानं मधेच फोन घेतला आणि सांगितलं की मी मीटिंगमध्ये आहे. भाऊजींनी पोहे आणले. दुसऱ्या मुलाच्या आईला वाटलं की ह्या घरात नुकतंच कुणीतरी गेलंय. बाईंनी पदर डोळ्याला लावला आणि शेजारच्या बाईच्या कानात विचारलं, कोण होतं? भाऊजींनी पोहे आणले. तिसऱ्या मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, आणि मग विचारलं, हं, सुरू कधी होणार? तेव्हाही भाऊजीच उठले. मग सोयऱ्यांत बभ्रा झाला. त्या घरी आधी परीक्षा असते, असं लोक बोलायला लागले आणि स्थळं यायची थांबली.

अशात मी माझ्या मावसभावाच्या मुलाचं स्थळ आणलं. अमोल, हर्सूलला घर, चितेगावला कंपनीत नोकरी. आधी दोघांची गाठ मीच घालून दिली होती, औरंगपुऱ्यात, आइस्क्रीमच्या दुकानात. मयूरी परत आली ती वेगळीच. आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "काकू, मला हाच हवा. हे स्थळ मोडलं तर मी परत कुणासमोर पोहे घेऊन येणार नाही." तिचे डोळे भरले होते. मी तरातरा खाली गेले आणि भाऊजींना म्हटलं, यंदा गाणं राहू द्या. ते म्हणाले, बाकी तुम्ही म्हणाल ते करतो. एवढं नका सांगू.

शनिवारी हर्सूलला जाऊन मी सगळ्यांची शिकवणी घेतली. मोबाइल बंद. रडायचं नाही. सुरू कधी होणार, विचारायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. सगळे ऐकत होते. मला धास्ती होती ती अमोलच्या मामाची. बबनमामा हर्सूलला बोलले तर औरंगपुऱ्यात ऐकू जावं असा माणूस. त्यांना घरीच ठेवा म्हणून मी भावाच्या हातापाया पडले. पण मामाशिवाय बोलणी कोण करणार? तसं गेलं तर सोयरे काय म्हणतील? बबनमामा म्हणाले, "ताई, कशाला घोर करता? आपण मातीला बी गप बसतो की." मातीला ते गप बसत नाहीत. स्मशानातही भाषण करतात. मी दोनदा ऐकलंय.

रविवारी सकाळी सगळे ओळीनं बसले. भाऊजींनी बटण दाबलं.

मी दारापाशी बसले होते. तिथून मला आतली मयूरी दिसत होती, ट्रेवर पोह्यांच्या प्लेटा मांडून उभी. सूर निघाला. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा आला आणि गेला. अमोलच्या आईच्या, आमच्या वहिनींच्या, बांगड्या एकदा वाजल्या, त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट आवळून धरलं. बबनमामा डोळे मिटून बसले होते आणि मिशा हलत होत्या. घशात काहीतरी अडकलं की त्यांच्या मिशा अशाच हलतात. मी देवाचा धावा करत होते. अमोल मात्र गुडघ्यावर हात ठेवून स्वस्थ. तो ऐकतोय की त्याला झोप लागलीय, काही कळेना.

मग ते हळूहळू कमी होत गेलं. कमी, अजून कमी. पंख्याचा आवाज यायला लागला. खोलीत दुसरं काही उरलं नाही.

आणि बबनमामांनी टाळ्या वाजवल्या. सभेत वाजवतात तशा, खणखणीत. आमच्याकडं गाणं संपलं की टाळी वाजवायची, नाहीतर गाणाऱ्याचा अपमान होतो, हे माणसाच्या अंगात भिनलेलं आहे. मामांनी वाजवल्या म्हणून भावानं वाजवल्या, भावानं वाजवल्या म्हणून वहिनींनी. माझेही हात वर गेले होते, खोटं कशाला सांगू.

"लई भारी," बबनमामा म्हणाले. "झालं न्हवं?"

भाऊजींनी मान वळवली. ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले. आत मयूरीनं ट्रे ओट्यावर ठेवून दिला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात अमोलनं मामांच्या टाळीवर आपला हात ठेवला. हळूच म्हणाला, "मामा, थांबा. चालू आहे अजून."

मी कान टवकारले. आधी काहीच नव्हतं. मग पंख्याच्या आवाजाखाली, अगदी खाली, तो सूर होता. तो गेलाच नव्हता. तो परत वर यायला लागला, सावकाश, आणि काय सांगू, मला पहिल्यांदाच तो बरा वाटला. मी अमोलला सगळं पढवलं होतं, पण हे पढवलं नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. भाऊजी अर्धवट उठलेले तसेच परत खाली बसले.

ते खरंच संपलं तेव्हा कुणी हललं नाही. बबनमामांनी तर हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. भाऊजींनी बटण बंद केलं, घसा साफ केला आणि आत बघून म्हणाले, "मयूरी, पोहे आण."

दुपारी पाहुणे गेल्यावर मयूरी आमच्या गच्चीत अमोलशी फोनवर बोलत होती. मी माझ्या प्लेटा आणायला खाली गेले. भाऊजी फडक्यानं स्पीकर पुसत होते. आनंद झाला होता, पण माझा राग काही उतरला नव्हता. मी सरळ विचारलं, काय मिळतं हो तुम्हाला लोकांचा असा जीव टांगून?

ते पुसतच राहिले. म्हणाले, त्या पोराला गाण्यातलं कळतं की नाही ह्याच्याशी मला काय करायचंय? काही न बोलता तो माणसाजवळ बसू शकतो का, तेवढं बघायचं होतं. मयूरीची आई गेली तेव्हा लोकांनी बोलून बोलून मला नको केलं. मयूरी तेवढी वर्षभर रोज संध्याकाळी शेजारी येऊन नुसती बसली. तिच्याजवळ उद्या कोण बसणार?

मग ते मयूरीच्या आईबद्दल, सुमनवहिनींबद्दल बोलले. मी इतकी वर्षं वर राहते, पण हे कधी ऐकलं नव्हतं. वहिनी काम करताना गुणगुणायच्या. भावगीत, आरती, सिनेमातलं, जे येईल ते. त्या गेल्यावर भाऊजींनी रेडिओ लावला, तर त्यात त्या. कॅसेट लावल्या, त्यात त्या. भजनाला जाऊन बसले आणि मधूनच उठून आले. शेवटी मयूरीनं कुठून तरी हे शोधून आणलं. म्हणाली, बाबा, हे ऐका, ह्यात कुणीच नाही.

मला भरून आलं. तरी मी उगाच हसून म्हटलं, मग बरंच झालं की भाऊजी. मयूरी सासरी गेली तरी तुमचं हे आहेच.

त्यांनी फडक्याची घडी घातली आणि ती स्पीकरवर ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "आता ह्यात मयूरी आहे."