तीन भाग शुद्ध, एक भाग वाया

‘आपल्या घरातून पाण्याचा एक थेंबही गटारात जाणार नाही,’ असं मी एका संध्याकाळी जाहीर केलं. एवढं एक वाक्य गिळलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण जी वाक्यं गिळायची ती मी बोलतो आणि जी बोलायची ती गिळतो, असं बायकोचं जुनं मत आहे.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसतो. एकोणीस वर्षं झाली. खिडकीच्या काचेला एक गोल भोक आहे. बाहेरून त्यातून लोक ओरडतात आणि आतून मी म्हणतो, "पाणी जपून वापरा." वरच्या मजल्यावर योजना विभाग आहे. तिथे कुणी ओरडत नाही. तिथे बदली व्हावी म्हणून मी आजवर सहा अर्ज केले. (सहाव्याची पोच मिळाली. ती मी कपाटात ठेवली आहे.) खरं सांगतो, मला पगारवाढ नको, मान नको, फक्त ते भोक नको.

आमच्या नळाला खारं पाणी येतं. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हा थर आपल्या पोटातही बसत असेल." म्हणून आरओ आणला. टाकी नसलेला, दुकानातला सगळ्यात साधा. फिटरने तो ओट्याजवळच्या भिंतीवर बसवला. त्यातून दोन पांढऱ्या नळ्या निघाल्या. एक पिण्याच्या पिंपात सोडली, दुसरी सिंकमध्ये.

"ही दुसरी कशाला?" मी विचारलं.

"खारं पाणी बाहेर जायला. एक बादली शुद्ध निघालं की तीन बादल्या जातं."

"जातं म्हणजे कुठे?"

"गटारात," फिटर म्हणाला. एवढं कशाला विचारायचं, असा त्याचा चेहरा होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझं झालं असतं. मी दुसरी नळी सिंकमधून काढून बादलीत सोडली आणि वर सांगितलेलं ते वाक्य बोललो.

आठवड्यात घरात अकरा बादल्या झाल्या. त्या पाण्याने फरशी पुसायची, भांडी घासायची, संडास धुवायचा. तरी पाणी उरायचं. बायकोने एके दिवशी तीच फरशी तिसऱ्यांदा पुसली. मुलगी अभ्यासाच्या टेबलाखाली पाय घालायला गेली तर तिथेही बादली. बायकोच्या कमरेत उसण भरली. "तुम्ही ऑफिसात बसून पाणी वाचवता," ती पाठ शेकत म्हणाली, "मी घरात ते उचलते." तिचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला.

त्या रविवारी मी ठरवलं की बादल्याच बंद. खाऱ्या पाण्याची नळी थेट न्हाणीघरातल्या ड्रमपर्यंत न्यायची. नळी वाढवायला मी दोन्ही नळ्या उपटून काढल्या. (दोन्ही का, हे मला अजून सांगता येत नाही. हात चालू होता.)

"कुठली कुठे होती, खूण केलीत का?" बायकोने विचारलं.

"माझ्या लक्षात आहे," मी म्हणालो.

आणि चमत्कार झाला. दुसऱ्या दिवसापासून पिंप भराभर भरायला लागलं आणि न्हाणीघरातला ड्रम जेमतेम चतकोर भरायचा. मी मोजून पाहिलं, पुन्हा मोजून पाहिलं. तीन बादल्या शुद्ध, एक बादली वाया. फिटर म्हणाला होता त्याच्या बरोब्बर उलट. नळीला मी जे वळण दिलं होतं त्याने दाब सुधारला असावा, असं माझं अनुमान होतं.

"पाणी जरा कडवट लागतंय," मुलगी म्हणाली.

"शुद्ध पाणी असंच लागतं. आपल्याला सवय नाही."

"चहा फाटला," बायको म्हणाली.

"दूध बघ."

"आणि किटलीत थर पहिल्यापेक्षा जाड झालाय."

"जुनी घाण सुटून येत असेल."

मग दोघींनी मला सांगायचंच सोडून दिलं. मुलीचे केस मात्र ड्रमच्या पाण्याने मऊ झाले होते आणि ड्रमच्या पाण्याने धुतलेली भांडी आरशासारखी चमकत होती. वायाचं पाणी माझ्या घरी किती कामाला येतं बघा, असं मी ऑफिसात सांगितलं. तीनास एकचं गणितही सांगितलं.

ते वरच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब स्वतः इंजिनिअर. त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला वर बोलावलं, वर खुर्चीही दिली.

"सगळी यंत्रं एकाला तीन सोडतात. तुमचं उलट कसं?"

"थोडं डोकं चालवलं, साहेब."

"मी शनिवारी घरी येऊन बघतो. खरं असेल तर तुम्हाला वर घ्यायलाच हवं. असा माणूस खिडकीवर काय करतोय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने लागली नाही, हे सांगायला हवं, कारण एरवी पोट बिघडल्यामुळे लागत नव्हती.

शनिवारी साहेब आले. मी त्यांना पिंपातलं पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला हळूच ओट्यावर ठेवला. मग खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र काढून पिंपात बुडवलं. "हजार," ते म्हणाले. "तुमच्या नळाला किती येतं?" नळाखाली धरलं. आठशेच्या आत. मग ते न्हाणीघरात गेले आणि ड्रममध्ये बुडवलं. साठ.

साहेबांनी यंत्र पुसून खिशात ठेवलं.

"किती दिवस पिताय हे?" साहेबांनी विचारलं.

"महिना झाला," बायको म्हणाली. "आणि ज्याने मी संडास धुतला, ते?"

"ते उत्तम पिण्याचं पाणी होतं, वहिनी."

बायको माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. साहेबांनी कोट काढून स्वतः दोन नळ्यांची अदलाबदल केली आणि तो परत न घालताच निघून गेले. मला वाटलं, संपलं. सातवा अर्ज करायचं तोंडही आता उरलं नाही. मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही.

पण सोमवारी हातात बदलीचा हुकूम पडला. वरचा मजला. ऑफिसात मी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि जिन्याकडे न जाता थेट घरी आलो. बायकोच्या हातात कागद दिला.

तिने मोठ्याने वाचलं, "सदर कर्मचाऱ्यास यापुढे पाण्याविषयी जनतेस सल्ला देता येणार नाही अशा जागी, जनतेपासून दूर, बसवण्यात यावे."

मग कागदाची घडी घालून तिने माझ्या खिशात ठेवली.

"ऑफिसने जनतेची सोय केली," ती म्हणाली. "पाच वाजता सुटल्यावर तुम्हाला आमच्याकडे सोडू नये, असं कुठे लिहिलेलं दिसत नाही."