पासपोर्टाची खांडेनवमी

खांडेनवमीच्या सकाळी वनमालाबाईंनी पाट मांडला आणि घरातली सगळी हत्यारं त्यावर आणून ठेवली. विळी, शिवणाची कात्री, बाबारावांची रेल्वेतली शिट्टी (बाबाराव रिटायर झाले होते, शिट्टीचा मान नव्हता झाला) आणि मधोमध शर्मिष्ठाच्या हॉकी स्टिका. लेक भारताच्या संघात फॉरवर्ड. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किती तरी महिने तिनं सामने टीव्हीवरच बघितले होते. आज दुपारी विमानानं दिल्ली, आणि संध्याकाळी तिथूनच टीमसोबत परदेश. हा दौरा हुकला, तर तिची जागा घ्यायला नव्या पोरी बूट बांधून तयारच होत्या.

पूजा आटोपत आली तेव्हा वनमालाबाईंची नजर टेबलावरच्या निळ्या पुस्तकाकडे गेली. लेकीला देशोदेशी नेतं ते हेच. मग हे हत्यार नव्हे, तर काय? त्यांनी ते पाटावर ठेवून उघडलं. फोटोत शर्मिष्ठा न हसता बघत होती. कपाळ मोकळं. बाहेर रायपुरच्या पुरानी बस्तीतल्या देवळात मांदर ढोल वाजत होता, उदबत्तीचा धूर वळणं घेत वर चालला होता, आणि त्या धुरातून वनमालाबाईंना हिरवंगार मैदान दिसायला लागलं. लेक पळते आहे, चेंडू पायापुढं चांदणीसारखा घरंगळतो आहे. ओठांवर आपसूक ओवी आली,

"लेक चालली दूरदेशी, संगं पहाटेचा वारा
तिच्या काठीच्या टोकाशी बाई, झुले शुक्राचा तारा."

तारा झुलला आणि तुपात कालवलेल्या कुंकवाचं बोट फोटोच्या कपाळावर टेकलं.

"आई! ये क्या किया?"

मैदान विरलं. दारात शर्मिष्ठा उभी होती, अर्धी वेणी हातात.

"नवमीले कपाळ रिकामं ठेवू काय पोरी?"

"पासपोर्ट आहे तो! विमानात बसू देणार नाहीत मला!"

ती पुसायला धावली तसे बाबाराव गरजले, "हात नको लावू! सरकारी कागद हाय. घासशीन आन् फोटोच उडून जाईन!"

मग शेजारच्या शालिग्रामला हाक गेली. तो नवा रायपूरला मंत्रालयात कारकून होता, म्हणून गल्लीच्या लेखी तोच सरकार. त्यानं पासपोर्ट दुरूनच पाहिला.

"पुसलं तं कागदाशी छेडछाड. नाही पुसलं तं ओळख पटत नाही. दोन्हीकडून फसले, काकाजी."

"मंग पासपोर्ट ऑफिसात फोन लाव ना!"

"आज सुट्टी हाय. तिथं बी फाइलींची पूजाच चालू असन."

"लिंबू लावा," पलीकडच्या कलावतीबाई आत येत म्हणाल्या. "ताट कसं निघते, चक्क!"

"लिंबू? भारत सरकारले?" शालिग्राम दचकला.

कलावतीबाईंनी वाकून बघितलं, आणि हात आपोआप जोडले गेले. "कुंकू लावलं न् अक्षता काहून नाही वाहिल्या?" म्हणत, कोणी अडवायच्या आत, त्यांनी अक्षता वाहिल्यासुद्धा. एक तांदूळ तुपाला धरून फोटोतल्या शर्मिष्ठाच्या नाकाच्या शेंड्यावर बसला.

"आता तं इमिग्रेशनवाले हळदीचं ताटच मांगतीन," शालिग्राम पुटपुटला.

शर्मिष्ठानं तांदूळ तेवढा फुंकरीनं उडवला, पासपोर्ट जपून रुमालात गुंडाळला आणि बॅग उचलली. तिची वळलेली पाठ वनमालाबाईंना विळीच्या धारेसारखी लागली. महिनोन्महिने लेकीनं तो गुडघा भिंतीला टेकून वाकवला होता, दात आवळून. आणि एका बोटानं आपण सगळं...

विमानतळाच्या दारात शर्मिष्ठा थांबली. "कुंकू आणलंय ना?"

वनमालाबाईंच्या पदराला करंडा बांधलेलाच होता.

"मग लाव मलापण. बरोब्बर तिथंच. फोटोशी चेहरा जुळला तर पाहिजे ना!"

वनमालाबाईंनी नेमकं तिथंच बोट टेकलं. लेक हसली, पण डोळ्यांनी नाही.

दिवेलागण झाली, आरत्या झाल्या. बाबाराव फोनपुढं बसून होते. फोन वाजला तसा त्यांनी स्पीकर लावला.

"आई, दिल्लीत आत आलेय मी. शिक्का पडला!"

"आन् कुंकू?"

"खिडकीतल्या साहेबांनी बघितलं. फोटो बघायचे, मला बघायचे. मी म्हटलं, गया कैरियर. तर ते हळूच म्हणाले, 'आज नौमी है न? सुबह से ड्यूटी पर हूँ, घर पे पूजा में बैठ ही नहीं पाया.' आणि अंगठ्यानं फोटोवरचं कुंकू अलगद उचललं न् स्वतःच्या कपाळाला लावलं."

"न् फोटो?"

"एकदम साफ. काही लागलंच नव्हतं जसं. चल आई, बोर्डिंग लागली."

फोन ठेवल्यावर बाबारावांनी आपलाच अंगठा उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे सकाळीच नुसतं बोटानं पुसलं असतं, तं निघालं असतं?"

"निघालं असतं की," वनमालाबाई म्हणाल्या. "पन मंग त्या बिचाऱ्याची नवमी कशी झाली असती?"