अफरोजला कोणी ओळखत नाही

"अम्मी, लिहून ठेव, एक दिवस माह्यावर पिक्चर निघन!" अफरोजनं जाहीर केलं. रहमतबी मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्यात घरात पाणी भरणारा तूच राहशीन का?"

पांढरकवड्यात अफरोज एका दैनिकाचा वार्ताहर होता. निम्म्या बातम्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या, उरलेल्या म्हशी हरवल्याच्या. पण मोबाइलवर पत्रकारांचे थरारपट पाहून पाहून गड्याचं डोकं पार फिरलं होतं. त्या सिनेमांत कसं, पत्रकार सत्याच्या मागं, आणि सत्य लपवणारे पत्रकाराच्या मागं! अफरोजच्या मागं आजवर फक्त कुत्री लागली होती.

तशात एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. नाल्यावरच्या नव्या पुलाला भेगा पडल्याची बातमी त्यानं ठेकेदाराच्या नावानिशी दिली. आणि महागावच्या अब्दुल गनींच्या लेकीचं, कहकशांचं स्थळ आलं! अम्मी एकटीच जाऊन मुलगी पाहून आली. कहकशां शाळेत शिकवायची. तिनं चहा दिला आणि अम्मीला म्हणाली, "त्यांच्या बातमीत पुलाची लांबी दोन जागी दोन आहे. एक तरी चुकलीच!"

बस! अफरोज ते ऐकूनच विरघळला. आपली बातमी शेवटपर्यंत वाचणारं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं. पण महागावहून निरोप काही येईना.

शुक्रवारी सकाळी पानठेलेवाला रामधन धापा टाकत आला. "अफरोजभाऊ, दोन माणसं तुह्याबद्दल विचारून राह्यले! कुठं बसते, कोणासंग फिरते, तंबाखूचा खर्रा खाते का! एकाच्या डोळ्यावर काळा गॉगल, दुसरा डायरीत लिहून राह्यला!"

अफरोजच्या अंगावर काटा आला. भीतीनं की आनंदानं, त्यालाही सांगता आलं नसतं. ठेकेदाराची माणसं! आली एकदाची!

आता सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडचे गुपचूप येऊन मुलाची चौकशी करतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अफरोजलाही माहीत होतं. पण सिनेमात असं कुठं दाखवतात!

"रामधन, तू मले ओळखत नाही."

"काहून? सकाळीच तं खर्रा नेला!"

"ओळखत नाही म्हंजे नाही! माह्या जिवाचा सवाल आहे!"

अर्ध्या तासात हाच निरोप गॅरेजवाल्या आसिमला गेला, शेजारच्या रुखमाबाईंना गेला. इमामसाहेब मात्र अडले. "बेटा, मी खोटं बोलणार नाही." "मग काहीच बोलू नका, हजरत!" असं सांगून अफरोज आसिमच्या गॅरेजात एका ट्रकखाली जाऊन झोपला.

आणि गाव तरी किती जिवाला जीव देणारं! रामधननं ठेल्यावर परत जाऊन कानांवर हात ठेवले. ते दोघं गॅरेजवर आले तेव्हा अफरोजला फक्त त्यांचे बूट दिसत होते. नाकावर ऑइल टपटपत होतं. त्याचा लंगोटीयार आसिम वर शांतपणे सांगत होता, "अफरोज? नाही जी, पहिल्यांदाच नाव ऐकून राह्यलो." ज्यांच्या हातच्या भाकरी खाऊन अफरोज वाढला त्या रुखमाबाई आपल्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाप्पा! बाजूच्या घरात पोरगा आहे? मले तं आत्ता समजलं!" इमामसाहेब आभाळाकडं पाहत राहिले. तोंड बंद ठेवायच्या ताणानं बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात रुखमाबाईंचा फोन आला. "बाबू, ते दोघं तुह्या घरात घुसले! अम्मी एकटीच आहे!"

अफरोज ट्रकखालून सुटला तो थेट घरी. तोंड काळं, हातात आसिमचा भलामोठा पाना, दुसऱ्या हातात मोबाइल. मागून आसिम आणि रामधन! दारातूनच तो ओरडला, "खबरदार! कोणी पाठवलं तुम्हाले? नाव सांगा, रेकॉर्डिंग चालू आहे!"

गॉगलवाले गृहस्थ बशीत चहा ओतत होते. "लेकीनं पाठवलं," ते म्हणाले.

"कोणाच्या लेकीनं?"

"माह्या. कहकशांनं. मी अब्दुल गनी. हा माहा साळा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना परवा, डाक्टर गॉगल काढू देत नाही."

पाना अफरोजच्या पायावर पडला. ओरडायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. रहमतबीनं कपाळाला हात लावला. संपलं! गेली कहकशां! अफरोज आता खरोखरच रडायच्या बेतात होता.

"बस बेटा." गनीसाहेबांनी साळ्याच्या हातची डायरी घेतली. "मोठ्या लेकीच्या वेळेस मारेगावात एका पोराबद्दल पाच जणाले विचारलं, तं सात खोडी निघाल्या. अन् तू! पत्रकार असून पानठेल्यावर तुले कोणी ओळखत नाही! गॅरेजवर नाही! शेजारणीनं तोंड पाह्यलं नाही! म्हंजे चौकात टवाळक्या नाही, खर्रा नाही, आपलं घर भलं अन् काम भलं! इमामसाहेबासमोर तं तुहं नाव काढलं अन् माणूस रडून राह्यला! इतका नेक पोरगा मी जिल्ह्यात पाह्यला नाही. आता बी पाहा, कुठूनतरी मेहनत करूनच आला!"



"फक्त एक," गनीसाहेब पुढं झुकले. "कहकशां म्हणते, बाकी काही असो, माणूस खरं बोलणारा पाहिजे. तं सांग, हे सगळं खरं आहे ना?"

दारात रामधन, आसिम आणि रुखमाबाई श्वास रोखून उभे होते. म्हणजे साक्षीदार हजर, पुरावा डायरीत, रेकॉर्डिंग चालू. एवढी पक्की बातमी अफरोजच्या हाती जन्मात लागली नव्हती.

त्यानं हळूच रेकॉर्डिंग बंद केलं, "जी," म्हणाला, आणि बातमी दाबून टाकली!