डॉक्टरीणबाईंच्या पायाखालचा चेंडू

फुटबॉलचे कोच अक्कलदाढ काढायला खुर्चीत आडवे झाले, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या डाव्या पायाखाली चेंडू होता.

चेंडू त्यांच्या मुलीचा. आठ वर्षांची ती पोर दर शनिवारी कोचकडे बंदिस्त हॉलमध्ये खेळायला जाई. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, आणि चेंडू लहान, जड, फारसा न उसळणारा. "मोठ्या मैदानावर पोरं चेंडूच्या मागे लागतात," कोच पालकांना सांगत, "इथे चेंडू पोरांच्या मागे लागतो. सारखा पायात येतो, म्हणून पाय शहाणे होतात."

बाकावर बसून हे ऐकताना बाईंच्या चपलेतली बोटं आपोआप हलत. लहानपणी तिघे भाऊ खेळायचे आणि ही काटेरी कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणून द्यायची. त्यातही भावांची ताकीद असे, "लाथ नको मारूस, हातानं टाक!" चाळीस वर्षांची झाली, तीन हजार दाढा काढल्या, पण ती एक लाथ राहूनच गेली होती.

म्हणून हल्ली चेंडू दवाखान्यात येत असे. औषधांच्या कपाटामागे त्याचा मुक्काम. पेशंटची हिरडी बधिर होईपर्यंतची दहा मिनिटं बाई स्टुलावर बसून तळव्याखाली तो मागेपुढे घोळवत. वर चेहरा डॉक्टरचा, खाली सगळी मौज.

आज मात्र समोर खुद्द कोच होते. बाईंनी तळवा जरा जास्तच दाबला, चेंडू निसटला आणि थेट खुर्चीच्या पेडलवर जाऊन बसला.

खुर्ची वर निघाली.

"अं? अंऽ?" कोच म्हणाले. तोंडात कापूस होता.

"काही नाही, जरा उंची जुळवतेय," बाई म्हणाल्या. चेंडू काढायला त्यांनी पाय लांबवला, तर पायच शेजारच्या पेडलवर पडला. खुर्चीची पाठ खाली गेली. कोचचं डोकं खाली, बूट वर. बुटाचा धक्का लागून हत्यारांचा ट्रे खणखणत जमिनीवर आला.

आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या. "अगं बाई! काय झालं?"

उलट्या लटकलेल्या कोचना आता खुर्चीखालचं सगळं स्पष्ट दिसत होतं. ओठ बधिर असूनही त्यांनी कळवळून सांगितलं, "हाय! हाय!"

"फार दुखतंय हो यांना," म्हणत सिस्टरनी दुसरं इंजेक्शन भरायला घेतलं.

"हाय!" कोच घाबरून अधिकच मोठ्यानं ओरडले. "हाय हलका ठेवा!"

बाईंच्या डोक्यात उजेड पडला. पाय! पाय हलका ठेवा! त्यांनी टाच उचलली, तळवा अलगद चेंडूवर टेकवला आणि चेंडू गुपचूप मागे ओढला. खुर्ची थांबली.

"शाव्वास," कोच म्हणाले.

दाढ निघाली. बाईंनी ती शाबासकी पुढचे तीन दिवस मनातल्या मनात घोळवली.

शनिवारी एक मुलगी तापामुळे आली नव्हती. कोचनी बाकांकडे पाहिलं. त्यांचा एक गाल अजून सुजलेला होता. "डॉक्टर, एका बाजूला माणूस कमी आहे. बूट आहेत?"

होते. तीन आठवड्यांपासून पर्समध्ये होते.

"आई, तू?" मुलगी किंचाळली. "आणि माझ्या विरुद्ध?"

पहिली पाच मिनिटं बाई नुसत्याच वाटेत आल्या. सात वर्षांचा गोलकीपर दोनदा ओरडला, "काकू, सरका ना!" मग कुणीतरी चेंडू दिला. बाईंनी तळव्यानं तो अडवला, ओढला, वळवला. वळवून पुढे काय करायचं हे ठाऊक नव्हतं, म्हणून नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मुलगी आली, आईच्या दोन पायांमधून चेंडू काढला आणि गोल करून मोकळी झाली.

"सॉरी हं आई!" ती पळता पळता म्हणाली.

"सॉरी कसलं!" बाई ओरडल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडून चेंडू हिसकावून घेतला होता.